खुंट्यावरचा दुसरा हात

मराठीत एक वाक्य असे आहे, की ते कानावर पडताच मी दचकते. दिसायला किती साधे! "उठलीच आहेस, तर चहा टाक." पाचच शब्द; पण त्यांनी माझ्या कितीतरी पहाटा गिळल्या आहेत.

मी परभणीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. घरी हे, दोन मुले आणि सासूबाई. दिवसभर मी कोणाची ना कोणाची तरी असते: विद्यार्थ्यांची मॅडम, मुलांची आई, सासूबाईंची सून. नुसते 'मी' असायला दिवसात जागाच उरत नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ठरवले, की साडेचारला उठायचे. परभणीचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना तिथल्या पहाटेची किंमत सांगायला नको. गच्चीच्या पायरीवर बसायचे; वाटले तर चार पाने वाचायची, नाही तर नुसतेच बसायचे.

तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी ह्यांना जाग आली आणि ते वाक्य आले. पाचव्या दिवशी धाकट्याला तहान लागली. सहाव्या दिवशी मुलगी डोळे चोळत आली, मला न्याहाळले आणि हळूच विचारले, "आई, तू कोणावर रागावली आहेस का?" बाई गप्प बसलेली दिसली, की ती एक तर रागावलेली किंवा आजारी, तिसरा अर्थ आमच्या घराला ठाऊकच नव्हता!

पुढे वर्गात जनाबाई शिकवायची वेळ आली. जनाबाई आमच्याच जिल्ह्याची. गोदावरीकाठचे गंगाखेड हे तिचे जन्मगाव. तिथे तिचे मंदिर आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी ती दासी म्हणून राबली. दळण, कांडण, पाणी, शेण्या, सारे तिच्याकडे. आणि तरी तिच्या नावावर ३००हून अधिक अभंग आहेत. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिले, की बाईला लेखन करायचे तर वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची खोली हवी. जनीपाशी ना पौंड होते, ना खोली. होते ते एक जाते. "मन असले, की कष्टांतही सवड सापडते," हे माझे नेहमीचे वाक्य मी मोठ्या थाटात म्हटले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "पण मॅडम, तिला सवड आपोआप कुठे सापडली? विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागला, म्हणून ना?"

मला उत्तर सुचले नाही. वर्षानुवर्षे ती कथा मी सांगत आले. देवाला आपण खुंट्याला हात घालायला लावला, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते.

घरी येताना आजी आठवली. लहानपणी मी तिला जाऊबाईंसमोर बसून दळताना पाहिले आहे. ती म्हणे, "एकटीनं ओढलं तर ऊर भरून येतो, दोघींनी ओढलं तर ओवी सुचते." हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. दिवसा जे बोलायची सोय नव्हती, ते बायका पहाटे जात्याला सांगत होत्या. ते दिवस परत यावेत, असे मी म्हणणार नाही. आजीच्या तळहाताचे घट्टे मला आठवतात. गिरणी आली तेव्हा तिने तिला हात जोडले होते. पण गिरणीने दळण नेले, तसा तो तासही नेला, आणि समोरची सोबतही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, तर सासूबाई देवघरात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी सवयीने म्हणून गेले, "आई, उठलाच आहात, तर दूधवाला आला की दूध घ्याल का?"

आणि माझेच शब्द माझ्या कानांवर आदळले. वीस वर्षे मी त्यांच्या लांबलेल्या पूजेवर मनातून कुरकुरत आले होते. ज्या वाक्याने मी दचकते, ते मी त्यांना किती वेळा ऐकवले असेल! ती पूजा हीच त्यांची गच्चीची पायरी होती. मी खाली बसले आणि म्हणाले, "राहू द्या. दूध मी घेईन. बसा तुम्ही."

त्यांनी माळ थांबवली. "आणि तू कधी बसतेस ग?"

चाळिशी ओलांडल्यावर हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

तेव्हापासून आमचे ठरले आहे. साडेचार ते साडेपाच माझे, पुढचा तास त्यांचा. एकीच्या तासात कोणी हाक मारली, तर दुसरीने ओ द्यायची. ह्यांना चहाचा डबा दाखवून ठेवला आहे. साखर त्यांनी दुसऱ्या आठवड्यात स्वतः शोधून काढली. दुसरा हात बाईचाच हवा, असे थोडेच आहे? कथेतला विठ्ठल काही बाई नव्हता!

काल पाचला दूधवाल्याने हाक मारली. मी पुस्तक मिटून उठू लागले, तो आतून आवाज आला, "बस ग. मी आहे."

मी बसले. वाचले मात्र काहीच नाही.