इंजिनाच्या सामानाची यादी

नाशिक, वैशाख वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास,


तुझे पत्र आणि सोबतची सामानाची यादी पावली. दाजींची 2004 सालची स्कॉर्पिओ भंगारात न काढता तिचे इंजिन नव्याने बांधण्याचा तुझा निश्चय वाचून मला फार संतोष झाला. कारण पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली महिंद्राच्या अभियंत्यांनी घडवलेली आणि 2002 साली याच नाशिकच्या कारखान्यातून रस्त्यावर आलेली ही गाडी, तिच्या 2609 घनसेंटिमीटरच्या व 109 अश्वशक्तीच्या टर्बो डिझेल इंजिनासह, आमच्या शहराच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तिचे आयुष्य वाढवू इच्छिणाऱ्या तरुणाविषयी मला आपुलकी वाटावी हे स्वाभाविकच होय.

परंतु यादीस आज मंजुरी देता येत नाही, आणि कारण खर्चाचे नाही. ही यादी इंजिन उघडण्यापूर्वी, मापे घेण्यापूर्वी तयार झाली आहे. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे कोणत्या मापाची आणावीत याचा निवाडा दुकानदाराने करावयाचा नसून तो त्या ब्लॉकने आणि त्या क्रँकनेच करावयाचा असतो. सिलिंडरची झीज वरच्या रिंगेच्या थांब्यापाशी सर्वांत अधिक आणि तळाशी कमी असते. शिवाय पिस्टनचा रेटा ज्या दोन बाजूंवर येतो तिकडे ते भोक किंचित लंबगोल होते. म्हणून बोअरगेज वर, मध्ये व खाली, आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी लावून आकडे कागदावर उतरवून घेतल्यावाचून पंचवीसचा ओव्हरसाइझ पुरेल की पन्नासचा लागेल, म्हणजे पाव मिलिमीटर की अर्धा, हे कोणाही मिस्त्रीला छातीठोक सांगता यायचे नाही. आणि ते ठरल्यावरही पिस्टन आधी हाती घ्यावेत, प्रत्येकाचे प्रत्यक्ष माप घ्यावे, आणि मगच त्या मापाबरहुकूम लेथवाल्याने बोअर व होनिंग करावे.

पिस्टन घेताना एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नकोस. टर्बो इंजिनाच्या पिस्टनमध्ये वरच्या रिंगेची खाच ज्या ठिकाणी असते तेथे अॅल्युमिनियमच्या अंगात निकेलमिश्रित ओतीव लोखंडाचे कडे बसवलेले असते. उजेडात तिरपे धरले की त्याचा करडा पट्टा स्पष्ट दिसतो. बाह्यतः तंतोतंत तसाच, पण ते कडे नसलेला पिस्टन स्वस्तात मिळतो, आणि टर्बोच्या दाबाखाली व तापमानाखाली त्याची खाच अल्पावधीत रुंदावते. माथ्यावरच्या वाटीचा आकारही मूळ पिस्टनशी जुळवून पाहा, कारण डिझेलचा फवारा त्याच वाटीत जळावयाचा असतो.

आता तुझ्या यादीतील पहिल्या कलमाविषयी, म्हणजे मोठ्या टर्बोविषयी. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. कॉमन रेल येण्यापूर्वीच्या या इंजिनाला मोठ्या चाकाचा टर्बो जोडला तर चाक जड असल्यामुळे खालच्या वेगात दाब उशिरा येईल. वाढीव हवेबरोबर डिझेल वाढवले नाही तर लाभ काही नाही, आणि वाढवले तर उष्णतेचा सारा भार पिस्टनवर, हेडवर आणि हेड गॅस्केटवर पडेल. मूळचाच टर्बो ठेवावा. तो बदलण्यापूर्वी त्याचा दांडा बोटांनी हलवून पाहा: बाजूला किंचित हलला तर घाबरू नये, कारण तो तेलाच्या थरावर तरंगण्यासाठीच घडवलेला असतो, पण पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाते कवचाला घासल्याची चकाकी दिसत असेल, तर संपूर्ण समतोल साधलेला नवा कार्ट्रिज घ्यावा. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या दांड्यावर सुटे चाक बदलून वेळ भागवता येत नाही.

आणि ज्या वस्तूचे नावही तुझ्या यादीत नाही, तीच मी सर्वांत वर लिहिली असती: टर्बोला तेल नेणारी ती बारीक नळी. कसारा घाट भरल्या गाडीने चढून इगतपुरीला चहासाठी थांबताच लोक लगेच किल्ली काढतात. तापलेल्या टर्बोतील तेल जागीच करपते आणि त्याचा कोळसा त्या नळीच्या आतल्या भिंतीवर साचत जातो. जुन्या नळीला नवा टर्बो जोडणे म्हणजे त्याला जन्मतःच उपाशी ठेवणे होय. नळी नवी घे, तेलाच्या परतीच्या वाटेला सिलिकॉनचा लगदा लावू नकोस, आणि इंटरकूलर खोलून धुवून घे. त्यात साठलेले तेल इंजिनाने ओढले, तर किल्ली काढूनही डिझेल इंजिन थांबत नाही.

नोझलांसाठी तुला दूर जावे लागणार नाही. पूर्वीच्या मायको कंपनीचे नाव 2008 साली बॉश झाले, तरी तिच्या नाशिकच्या कारखान्यावरून पडलेले मायको सर्कल हे नाव चौकाला अद्याप आहे. आणि त्या कारखान्यात नोझले तयार होतात. सुई आणि तिचे घर जोडीने घासलेले असते, म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्यात घालू नये, आणि इंजेक्टर टेस्ट बेंचवर फवारा पाहिल्याखेरीज बसवू नयेत.

हेड गॅस्केट मात्र सर्वांत शेवटी घ्यावयाचे. पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठापेक्षा किती वर येतो हे डायलगेजने मोजून त्यानुसार त्याची जाडी निवडतात. अनेक इंजिनांत जाडीची खूण त्याच्या काठावरील खाचांनी केलेली असते.

तेव्हा कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नकोस. इंजिन उघड, मापांचा कागद मिस्त्रीच्या सहीनिशी मला पाठव, आणि मग आपण दोघे बसून यादी नव्याने लिहू. ताईस साष्टांग नमस्कार, दाजींस नमस्कार सांग.

तुझा,
मामा