दूरचा शब्द कानाशी

वय झाले की ऐकू कमी येते, आणि घरची माणसे आवाज चढवतात. पण मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. म्हातारपणी बहुधा उंच, बारीक स्वर आधी हरवतात. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे त्यांतच मोडतात. बोलणारा दूर असला की पंख्याचा, भांड्यांचा, रस्त्याचा गोंगाटही शब्दाबरोबर कानात शिरतो.

आमच्या मातोश्रींचे असेच झाले. कुणी हसू नये म्हणून त्या नुसती मान हलवू लागल्या आणि हळूहळू बोलेनाशा झाल्या. कान तपासून श्रवणयंत्र घेतले. समोरासमोरचे बोलणे सुधारले. सभागृहात मागे बसल्या किंवा टीव्हीसमोर बसल्या की अडचण कायम. यंत्राचा मायक्रोफोन त्यांच्या कानाशी होता. तो हवा होता बोलणाऱ्याच्या तोंडाशी.

म्हणून घरातल्या शिकत्या मुलांना हाताशी धरून आम्ही नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ२४एल०१ या रेडिओ चिपवर प्रयोग केला. चिप अवघी ४ मिलिमीटर लांब-रुंद. ३ व्होल्टवर चालते आणि हवेत जास्तीत जास्त १ मिलिवॉट शक्ती सोडते. ती मुळात छोट्या निरोपांसाठी आहे. तिच्या एका पाकिटात ३२ बाइटच मावतात.

आता हिशोब पाहा. टेलिफोनप्रमाणे आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येकाला १ बाइट दिला, तर एका पाकिटात ४ मिलिसेकंदांचे बोलणे बसते. म्हणजे सेकंदाला २५० पाकिटे. सेकंदाला १० लाख बिटांच्या वेगाने एक पाकीट हवेत सोडायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. उरलेला वेळ पाठवणारी चिप विसावा घेते. विजेची बचत होते ती इथे.

परंतु एवढ्या नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज येतच नाही, आणि 'स'चा बराच भाग त्याच्या वर असतो. म्हणून नमुने १६,००० केले. पाकिटे ५०० झाली, वीज थोडी जास्त लागली; पण मातोश्रींना 'सात' आणि 'हात' वेगळे ऐकू येऊ लागले. ऐकताना त्या श्रवणयंत्र उतरवून हेडफोन लावतात. त्याचा आवाज किती ठेवायचा, हे श्रवणतज्ज्ञांना विचारूनच ठरवले.

ही चिप प्रत्येक पाकिटाची पोच मागू शकते. पोच न आल्यास तेच पाकीट पुन्हा पाठवते. दिव्याच्या बटणाला हे ठीक. बोलण्यात मात्र २ मिलिसेकंद गळाले तर सहसा लक्षात येत नाही, उशिरा आलेला शब्द मात्र खटकतो. म्हणून पोच बंद ठेवली. त्याचा आणखी एक लाभ झाला: पोच द्यायची नसल्याने एकाच मायक्रोफोनचे बोलणे कितीही जण ऐकू शकतात. वाय-फायही याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात असल्याने अधूनमधून खरखर होते. आड माणसे उभी राहिली तरी आवाज तुटतो, म्हणून पाठवणारी पेटी उंचावर ठेवावी.

एकाने बोलावे आणि अनेकांनी आपापल्या कानाशी ऐकावे, ही सोय आता ब्लूटूथमध्येही आली आहे. कमी विजेवर चालणारा 'एलई ऑडिओ' २०२० मध्ये जाहीर झाला. त्यातील सार्वजनिक प्रक्षेपणाला २०२२ मध्ये 'ऑराकास्ट' हे नाव मिळाले. काही नवी श्रवणयंत्रे ते थेट पकडतात. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांसाठी यंत्र घेताना ही सोय त्यात आहे का, हे अवश्य विचारा.

कमी ऐकणाऱ्या माणसाची बुद्धी कमी झालेली नसते. मातोश्री आता बातम्या ऐकून आमच्याशी वाद घालतात, आणि बहुतेक वेळा जिंकतातही.