राखीव बाकावर कोणीच नव्हते

शाळेच्या क्रीडा-परंपरेविषयी चार शब्द लिहून द्यावेत, अशी मागणी स्मरणिका-समितीने केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचा विषय इतिहास. मैदानाशी संबंध आला तो काही वर्षे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती आणि ते काम आमच्या गळ्यात पडले म्हणून. ढाली व चषक यांची यादी कार्यालयातील कपाटाच्या काचेतून कोणालाही वाचता येते. त्या यादीत न आलेली एक गोष्ट मात्र आमच्यापाशी आहे. ती आम्हांला स्वतःला उमगली ती १९११ सालच्या एका क्रिकेट दौऱ्याविषयी वाचताना. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

त्या वर्षी सर्वधर्मीय खेळाडूंचा, हिंदुस्थानचा म्हणवला गेलेला पहिला संघ इंग्लंडला गेला. त्याआधी १८८६ व १८८८ साली पारशांचे संघ जाऊन आले होते. या नव्या संघाचे कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय अवघे एकोणीस. संघ निवडताना पारशी किती, हिंदू किती, मुसलमान किती याची वाटणी डोक्यात ठेवूनच नावे शोधली गेली. सारे मिळून जेमतेम पंधरा-सोळा जण. पुढ्यात तीन महिने आणि तेवीस सामने. काउंटीचा सामना तीन दिवसांचा. सोमवारी सुरू झालेला बुधवारी संपायचा आणि गुरुवारी दुसऱ्या गावी दुसरा उभा राहायचा. विश्रांतीला एक रविवार, तोही पुष्कळदा आगगाडीत.

एवढ्या तुटपुंज्या संघातून महाराज सुरुवातीचे मोजके सामने खेळून बाजूला झाले. २२ जूनला पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. मेजवान्या होत्या, भेटीगाठी होत्या. त्यांच्या पदरी नोकरीस असलेले केकी मिस्त्री हे संघातले सर्वोत्तम फलंदाज; धन्याबरोबर तेही गेले. मागे उरलेल्यांनी दुखरे पाय, दुखरी बोटे आणि परक्या हवेतली खेळपट्टी यांच्याशी झुंजत दौरा रेटला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी दहा हरले, दोन अनिर्णित राहिले, दोन जिंकले.

या पडझडीत एक माणूस रोज चेंडू टाकत होता. पळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा, समाज चर्मकार, वाढ आपल्या पुण्यातली. वय पस्तीस. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणाऱ्या गोलंदाजाचे सारे भांडवल खांदा, कोपर आणि बोटे. त्या उन्हाळ्यात त्यांचा खांदा धरला होता, कोपरही दुखत होते. तरी केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी. लेस्टरशायरवर दौऱ्यातला पहिला विजय मिळाला तोही त्यांच्याच गोलंदाजीवर. दौऱ्याअखेर प्रथम श्रेणीचे ७५ बळी, सरासरी २०.१२, सगळे सामने धरून ११४. त्यांना विश्रांती का दिली नाही, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्यांच्या जागी चेंडू कोणाकडे द्यायचा?

हे आकडे वर्गात सांगताना मुलांच्या डोळ्यांत अभिमान चमकतो. आमच्याही चमकत असे. पुढे पुढे मात्र ११४ या आकड्याकडे पाहताना आम्हांला बळी दिसेनासे झाले, त्यामागची षटके दिसू लागली.

आता पुण्याकडे येऊ. १८९२च्या सुमारास बाळू गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर कामाला लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेषा आखणे, जाळी बांधणे, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे. त्यांना बाद केले की ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी आठ आणे देत, असे सांगतात. तासन्‌तास, वर्षानुवर्षे गोलंदाजी. पण फलंदाजी एकदाही नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा. पुढे शहरातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते तेव्हा या माणसाला संघात घ्यावे की नाही यावरून वाद झाला. घेतले, पण मैदानावर सगळ्यांबरोबर एकाच चेंडूला हात लावणाऱ्या बाळूंना चहाच्या वेळी पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे.

आम्हांला येथे थांबावेसे वाटते. खेळाडू कमी पडतात असे आपण सहज म्हणतो, जणू पाऊस कमी पडला. पुण्यात खेळणारी पोरे कमी नव्हती. छावणीत गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम शिकले. तशी किती असतील. दार अरुंद होते. त्या दारातून एखादाच आत आला की सगळा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर, आणि खांदा दुखला तर दोष खांद्याचा!

त्याच दौऱ्यात टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध संघ एका गड्याने जिंकला. शिवराम नाबाद ११३. आणि ज्यांच्या हाती पूना क्लबात कधी बॅट दिली गेली नाही त्या बाळूंच्या ५५ धावा. ही एक ओळ आम्ही फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ काही बोलत नाही.

अमेरिकेतही हेच घडत होते, खेळ तेवढा निराळा. बेसबॉल हा तेथला मोठा व्यावसायिक खेळ. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि त्याच्या खांद्या-कोपरावर संघ उभा असतो. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघात येईपर्यंत मोठ्या लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांच्या वेगळ्या लीगमध्ये पैसा थोडा, म्हणून संघही लहान. पिचरने फेकायचे नसेल त्या दिवशी दुसऱ्या जागी उभे राहायचे. सॅचेल पेज हा त्यांतला सर्वांत नामांकित. हा मुलगा फेकायला शिकला तो अलाबामातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या निवासी सुधारशाळेत. त्याचे नाव जाहिरातीत असले की तिकिटे खपत, म्हणून या गावी आज, त्या गावी उद्या असे त्याला फेकायला लावत. १९३८ साली मेक्सिकोत त्याचा हात गेला. चेंडू टाकता येईना. कॅन्सस सिटीच्या मोनार्क्स संघाने त्याला दुय्यम संघात ठेवून घेतले आणि तेथे हात हळूहळू परत आला. मोठ्या लीगचे दार त्याला उघडले ते १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. खेळाच्या मैदानावर ते साम्य इतके जुळते की अंगावर काटा येतो.

आता आमची गोष्ट.

त्या हिवाळ्यात शहरातील आंतरशालेय कबड्डी स्पर्धेत आपला संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. नियमाने बारा खेळाडूंची नावे देता येतात. सात मैदानात, पाच राखीव. वसतिगृहात गालगुंडाची साथ आली आणि चौघे अंथरुणाला खिळले. एकाचे बोट मोडले, एकाला वडील ऊसतोडीवरून येऊन घेऊन गेले ते परत आलाच नाही. नावे बारा लिहिली तरी हिंडते-फिरते आठच उरले. त्यांतला आठवा नववीतला आमचा सर्वांत चांगला चढाईपटू, आणि त्याचा डावा गुडघा आदल्याच सामन्यात पिरगळून सुजलेला. मराठवाड्यातला मुलगा, आई पुण्यात बांधकामावर. आम्ही त्याला बाकावर बसवले. पहिल्या डावात लोण चढला. मध्यंतरात त्याने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही त्याच्याकडे. आम्ही त्याला उतर असे म्हटले नाही, हे खरे. त्याने गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळले, तेव्हा त्याचे दुसरे टोक आम्ही धरले होते, हेही खरे.

त्याने सामना ओढून आणला. शेवटच्या दोन मिनिटांत साखळीने त्याची पकड केली आणि पाय खाली दुमडला. सामना आपण तीन गुणांनी जिंकलो. चषक कपाटात आहे, उपविजेतेपदाचा. अंतिम सामन्यात आपल्याकडे सातच उरले होते.

रुग्णालयात त्याची आई आली. सिमेंटचे हात पदराला पुसत तिने आम्हांला एवढेच विचारले, "गुरुजी, तुमी होता ना तिथं?" आम्ही होतो. तिच्या त्या प्रश्नात राग नव्हता, विश्वास होता, आणि म्हणून त्याचे उत्तर आम्हांला आजवर देता आलेले नाही.

त्या वर्षी वसतिगृहात एकशे चाळीस मुले होती, हे पुढे आमच्या ध्यानात आले. एकशे चाळिसांत आठ! साथ आली हे कारण खरे, पण अपुरे. आम्ही तीन वर्षे तीच दहा-बारा पोरे खेळवत होतो. ज्यांना खेळ गावाहून येतानाच येत होता, ज्यांच्या मांड्या भरलेल्या, ती आमची. उरलेली पोरे मैदानाच्या कडेला टाळ्या वाजवायला. बारीक, घाबरट, सहावी-सातवीतले, जे कदाचित दोन वर्षांत तयार झाले असते, त्यांच्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते. पॅव्हेलियनमधल्या लोकांवर आम्ही वर्गात तास घेत होतो, आणि येथे दार आम्हीच अरुंद केले होते. राखीव हा शब्द आपल्या समाजाच्या कानाला जागेचा म्हणून ओळखीचा आहे. दुसऱ्याला उसंत देणारा माणूस हा त्याचा मैदानातला अर्थ आम्ही उशिरा शिकलो.

दुसऱ्या वर्षापासून दर रविवारी सगळ्या मुलांना मैदानात उतरवायचे ठरवले. पहिले वर्ष आपण पहिल्याच फेरीत हरलो आणि काही पालकांची नाराजीही ऐकली. तो तपशील येथे नको.

क्रीडासाहित्याच्या खोलीत बाळूंचे चित्र आम्ही त्याच सुमारास लावले. त्यावर एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. १९३७च्या निवडणुकीत मुंबईत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे होते. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हा इतिहास आम्ही मुलांपासून लपवत नाही. बाळूंची ती निवड चुकीची होती असेच आमचे मत आहे. ज्यांनी पूर्वी त्यांना चहा वेगळा दिला त्यांच्याच बाजूने मैदानात उतरवले जाणे यात आम्हांला पुन्हा तोच दुखरा खांदा दिसतो. पण १९११च्या त्या उन्हाळ्यात बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजात विद्यार्थी होते, आणि त्या वेळी अस्पृश्य समाजाला जाहीरपणे मान वर करता येईल अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी होती. चित्र वंदनागृहात लावलेले नाही. ते चेंडू, जाळी आणि मॅट ठेवतात त्या खोलीत आहे, आणि आमच्या मते तेथेच असावे. शिवराम व बाळू यांचे बंधू विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. चांगले मराठी वाचायचे म्हणूनही मोठ्या मुलांनी ते मिळवून वाचावे.

गुडघ्याचा तो मुलगा आता चाळिशीच्या घरात आहे. पुढे त्याला खेळता आले नाही. पंचाची परीक्षा देऊन तो पंच झाला. नोकरी वेगळी, ही आवड. गेल्या बुद्धपौर्णिमेला तो पत्नी व मुलीला घेऊन शाळेत आला होता. त्रिशरण-पंचशीलाच्या वेळी सगळे मांडी घालून बसले. त्याने डावा पाय पुढे लांब केला आणि वरून मुलीची ओढणी टाकली, पाय समोरच्यांना लागू नये म्हणून. आम्ही ते पाहत होतो हे त्याला कळले असावे. त्याने काही दाखवले नाही.

खीर झाल्यावर तो मैदानाकडे गेला. सुट्टी असूनही थांबलेल्या मुलांची चढाई चालली होती. तो रेषेपाशी उभा राहून बराच वेळ बोटे मोडत काही मोजत होता.

"सर, बारा आहेत ना?"

"चौदा आहेत," आम्ही म्हणालो. "दोघे सहावीचे."

त्याने त्या दोघांना जवळ बोलावले आणि घोट्याला पकड कशी करायची ते उभ्याउभ्याच, न वाकता, दाखवू लागला.