मधल्या दिवसांतील खंजिरी

आर्वी तालुक्यात आणि वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातील गावांत खंजिरी घराघरांत परिचयाची आहे. लाकडी कड्याला एका बाजूने चामडे मढवून कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवलेले हे लहानसे वाद्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) भजनासाठी हाती धरले, नदीपलीकडे मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या माध्यमातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. त्यामुळे या परिसरात वाढणाऱ्या माणसाला खंजिरीचा ठेका बालपणीच, आजोबांच्या शेजारी बसून, ऐकू येतो. तरुणपणी कापूस वेचणीचा दिवस आटोपल्यावर तो भजनी मंडळात ती स्वतः वाजवू लागतो, आणि पुलगाव–आर्वी नॅरोगेज गाडी, जिनिंगबाहेर लागलेल्या कापसाच्या बंड्या व घरची माणसे यांच्या आठवणी त्याच ठेक्याभोवती गोळा होतात.

अशा माणसाला कर्करोग झाल्यावर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर येथील रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू होतात. केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात, परंतु रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही त्या तडाख्यातून सुटत नाही. म्हणून औषध सलग न देता ठरावीक अंतराने, बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांनी, दिले जाते आणि या एका फेरीला सायकल म्हणतात. मधले दिवस शरीराने सावरावे यासाठी मुद्दाम राखलेले असतात, म्हणजेच ते उपचाराच्या रचनेचाच भाग आहेत, आणि ते दिवस रुग्ण आर्वीला, आपल्या घरी काढतो.

या दिवसांनाही मर्यादा असतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात संसर्गाचा धोका वाढत असल्याने प्रार्थनेच्या गर्दीत बसता येत नाही, तोंडाची चव गेल्याने आवडीचा झुणकाही बेचव लागतो, आणि पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांमुळे हातापायांच्या नसांना इजा होऊन बोटे बधिर पडल्यास खंजिरीवरची थाप चुकते. तरीही ओसरीवरून ऐकलेले भजन, नातवाला दाखवलेला ठेका, मुलीने फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवलेली प्रार्थना यांतून कलेशी असलेले नाते टिकते. वाजवणारा ऐकणारा होतो, शिकणारा शिकवणारा होतो, आणि जे हातातून गेले असे वाटत होते ते घरातल्या दुसऱ्या हातात दिसते. गाठ किती आक्रसली याचे उत्तर तपासणी देते, संगीत देत नाही. परंतु पुढच्या सायकलला सामोरे जाण्याची उमेद या सोबतीतून मिळते.

स्वतः तुकडोजी महाराजांनाही कर्करोगाने गाठले होते आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्यांच्या खंजिरीने विदर्भातील गावे प्रार्थनेसाठी एकत्र बसू लागली, त्यांचे नाव असलेल्या वास्तूत उपचार घेणाऱ्या माणसाला केवळ रुग्ण समजणे अपुरे ठरते. म्हणून रक्ताचा अहवाल पाहताना, मधल्या दिवसांत काय खाल्ले, झोप लागली का, या प्रश्नांबरोबर काय ऐकले, कोणाजवळ बसलात, हेही आपुलकीने विचारले गेले पाहिजे, कारण औषधाने वाढवलेले आयुष्य ज्यासाठी हवे असते ते याच उत्तरांत असते.