बापाने कारण विचारले नाही

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातला धाकटा मुलगा दूरदेशी उपाशी का पडला? आमच्या नगरकडच्या शब्बाथशाळेत वाढलेल्या कुठल्याही पोराला हे उत्तर पाठ असते: बापाचा पैसा उडवला, दुसरे काय! मार्क ॲलन पॉवेल या अमेरिकन अभ्यासकाने एकदा गंमत करून पाहिली. विद्यार्थ्यांना गोष्ट वाचायला द्यायची, पुस्तक मिटायला लावायचे आणि आठवेल तशी शेजाऱ्याला सांगायला लावायची. अमेरिकेतल्या 100 जणांत त्या देशात दुष्काळ पडला होता हे सांगणारे निघाले अवघे 6. रशियात सेंट पीटर्सबर्गला 50 जणांना हीच गोष्ट दिली, तर 42 जणांनी दुष्काळ न चुकता सांगितला. हे शहर म्हणजे पूर्वीचे लेनिनग्राड. 1941 ते 44 च्या वेढ्यात तिथे लाखो माणसे भुकेने गेली. त्यांच्या नातवंडांना दुष्काळ गाळून गोष्ट सांगता येत नाही.

मी हा अध्याय मलावीत शिकवला. झोंबा पठाराच्या पायथ्याशी, फेब्रुवारीत. फेब्रुवारी तिथे फसवा महिना असतो. पाऊस लागलेला, मका पुरुषभर उंच, डोंगर हिरवेगार; पाहुण्याला वाटावे, काय सुबत्ता आहे! पण कणसे भरायला अजून अवकाश असतो आणि घरोघरच्या कणग्या तळाला गेलेल्या असतात. कापणी एप्रिलमध्ये. तोवर बाजारात मक्याचा भाव चढत जातो आणि घरातली जेवणे दोनावरून एकावर येतात. माझे बरेचसे विद्यार्थी खेड्यांतल्या मंडळ्यांची पाळकी करून शिकायला आलेले, बायकामुले गावी. खाणावळीत न्सिमा वाढला जाई, मक्याच्या पिठाची पांढरी घट्ट उकड. काही जण पहिला घास हातात घेऊन क्षणभर थांबत. ती प्रार्थना नसे. प्रार्थना आधीच झालेली असे.

वर्गात मी फळ्यावर पाप, पश्चात्ताप, क्षमा असे तीन शब्द बाणांनी जोडून ठेवले होते. ऑगस्टीन आणि ल्यूथर पुढच्या तासाला यायचे होते. ते ताटकळले, कारण पुढच्या बाकावरचे एक पोक्त पाळक फळ्याकडे बघायलाच तयार नव्हते. त्यांना त्या परक्या गावाचा राग आला होता. "बाम्बो," ते मला म्हणाले, "त्याला डुकरे राखायला ठेवले, म्हणजे तो ओळखीचा झाला. ओळखीचा माणूस डुकरांच्या शेंगांकडे बघत बसलाय आणि कुणी काही देत नाही? हे कसले गाव?" मग सगळा वर्गच बोलू लागला. दारात येऊन कुणी 'ओडी' अशी हाक दिली, की आत जे असेल त्यात त्याचा वाटा. 1949 च्या दुष्काळाच्या गोष्टी त्यांनी आज्यांकडून ऐकल्या होत्या. 2002 चा तर स्वतः भोगलेला. मक्याचा कोंडा खाऊन काढलेले दिवस. तेव्हाही कुणी दिले आणि कुणी दार लावून घेतले, हे नावानिशी लक्षात होते. त्यांच्या लेखी गोष्टीतले पहिले पाप त्या मुलाचे नव्हतेच.

मी त्यांना पुन्हा पोराकडे वळवले. तो घरी परतला कशासाठी? एक तरुण विद्यार्थी मजकुरावर बोट ठेवून म्हणाला, "भुकेसाठी. बापाच्या गड्यांना भाकरी पुरून उरते, हे त्याला आधी आठवलं. पाप नंतर. तेही घोकून ठेवलेलं भाषण." वर्ग खो खो हसला.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र नगर जिल्हा उभा राहिला. आमचे घराणे 1876-78 च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालेले. 'पोटासाठी बाटले' हे वाक्य आमच्या चार पिढ्यांनी ऐकले. शेजाऱ्यांनी ते म्हटले, शाळेत म्हटले गेले, कधी भांडणात सोयऱ्यांनीही सुनावले. म्हणून घरातली वडीलधारी मंडळी सांगत, की आमच्या मूळपुरुषाने आधी शुभवर्तमान ऐकले, मग बाप्तिस्मा घेतला. धान्याच्या पोत्याचा उल्लेख कुणी करीत नसे. मिशनरीही धास्तावलेले असत. तेलुगू मुलखात ओंगोलच्या जॉन क्लाऊ यांनी त्याच दुष्काळात बाप्तिस्मे रोखून धरले, आणि रोखलेली दारे उघडल्यावर जुलै 1878 मध्ये एका दिवसात 2,222 जणांना पाणी दिले. तेही बरोबरच असेल. हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाला श्रद्धा आणि भूक वेगळ्या वह्यांत मांडाव्या लागतात.

पंडिता रमाबाईंची वही मात्र एकच असावी. 1874 पासूनच्या त्या भयंकर वर्षांत त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीत गेले होते. 1896-97 मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली केडगावला घेऊन आल्या. भुकेल्या पोरीने आधी पश्चात्ताप करावा, असे स्वतः उपाशी राहिलेल्या बाईच्या मनात कसे यावे?

आणि गोष्टीतला बाप तर याहून घाईचा. पोरगा लांब असतानाच तो धावत सुटतो, गळ्यात पडतो, मुके घेतो; भाषण त्यानंतर सुरू होते. घोकलेले शेवटचे वाक्य, गड्यांसारखे तरी मला ठेवा हे, म्हणायचे राहूनच जाते, कारण बाप झग्याची, अंगठीची आणि जोड्यांची ऑर्डर देत सुटलेला असतो. पैसे कुठे गेले, हे तो विचारत नाही. का आलास, हेही नाही. माझ्यासाठी आलास की माझ्या भाकरीसाठी, हा प्रश्न आमच्या मूळपुरुषाला शेजारीपाजारी आणि मिशन सगळ्यांनी विचारला असेल. ज्याच्याकडे तो आला होता, त्याने बहुधा नाही.

इतक्या वर्षांत देवाच्या कृपेवर मी पुष्कळ स्वच्छ व्याख्याने ऐकली आहेत, दिलीही आहेत. भाकरीचा वास न येणारी कृपा मला आता जरा संशयास्पद वाटते.

सत्राच्या परीक्षेत या दृष्टान्तावर प्रवचन लिहायचे होते. त्या पोक्त पाळकांनी बापाने मेजवानीसाठी कापलेल्या पुष्ट वासरावरच सगळी पाने भरली. एवढे वासरू एका घराला संपत नाही, म्हणजे सारे गाव जेवायला बोलावले असणार, असे त्यांनी मांडले होते. केनेथ बेली या बायबल अभ्यासकांनी मध्यपूर्वेत वर्षानुवर्षे राहून हेच लिहिले आहे. आमच्या पाळकांनी बेली वाचलेले नव्हते, वासरे पाहिलेली होती. पुढे लिहिले होते, की बापाने एक माणूस परदेशीही धाडला असेल, तो डुकरांचा मालक आणि काही न देणारे ते गाव यांना पंगतीला आणायला, कारण दुष्काळ त्यांनाही होताच. मी पैकीच्या पैकी गुण दिले. बाहेरच्या परीक्षकांनी त्यातले पाच कापले आणि समासात शेरा मारला: वचनात आधार नाही.