शब्द एकटा पाठ करू नकोस

लातूर, रविवार

चि. प्रसाद,

तुझ्या व्होकॅबच्या वहीचे फोटो पाहिले. ‘रोज पन्नास शब्द पाठ करतो, तरी मॉक परीक्षेत इंग्रजीतच मार्क जातात, असं का?’ हा तुझा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

वहीत तीन रकाने आहेत: इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार आणि हिंदी अर्थ. हा हिंदी अर्थ कुठून आला ते उघड आहे. एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांची, बहुतेक पुस्तकं आणि यूट्यूबवरचे तास दिल्लीचं मुखर्जीनगर, प्रयागराज, पाटणा इथल्या मुलांना समोर ठेवून तयार होतात. ते शिक्षक आपल्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलतात, आणि ते रास्तच आहे. तू देतो आहेस त्या सीजीएलचा, म्हणजे एसएससीच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेचा, पेपरही इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत निघतो, त्यामुळे सामान्य ज्ञान हिंदीतून वाचायची सवय तुम्हा मुलांना लागते. पण इंग्रजीच्या विभागात हिंदीचं अक्षरही पडद्यावर नसतं. प्रश्न इंग्रजीत, चारही पर्याय इंग्रजीत. तिसरा रकाना तिथे तुझ्या मदतीला येऊ शकत नाही.

तुझ्याच वहीतलं बघ. अलीव्हिएट, मिटिगेट, कर्टेल आणि अबेट हे चार शब्द वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि चौघांपुढे अर्थ एकच, ‘कम करना’ किंवा ‘कम होना’. आता क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे शब्द गाळलेल्या उताऱ्यात, वादळाबद्दलचं वाक्य आलं आणि पर्यायांत यातले तीन शब्द असले, तर तू कशाच्या आधारावर निवडणार? अलीव्हिएट वेदनेसाठी, गरिबीसाठी येतो. मिटिगेट धोक्यासाठी, एखाद्या गोष्टीच्या दुष्परिणामांसाठी. कर्टेल केला जातो तो खर्च, अधिकार, स्वातंत्र्य. आणि वादळ अबेट होतं, आपलं आपण. हे कळायला शब्दाचा अर्थ पुरत नाही, त्याची सोबत माहीत असावी लागते.

ही जाण तुझ्यात नाही असं मुळीच नाही. मराठीत वादळ ओसरतं, ताप उतरतो, राग निवळतो, वेदना शमते, खर्चाला कात्री लागते. ‘वादळाला कात्री लागली’ असं तू झोपेतसुद्धा म्हणणार नाहीस. कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद शोभतं, हे तुला आईच्या बोलण्यातून आपोआप आलं आहे. इंग्रजी शब्द शिकताना हीच जाण वापरायची. वहीत ‘अबेट – कम होना’ लिहिण्याऐवजी ‘द स्टॉर्म अबेटेड बाय ईव्हनिंग’ असं अख्खं वाक्य लिही आणि शेजारी ‘संध्याकाळपर्यंत वादळ ओसरलं’. हा शब्द मग कितीही दिवसांनी समोर आला तरी वादळ घेऊनच येईल.

गुणांचा हिशेबही हेच सांगतो. टियर वनला इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण. टियर टूला 45 प्रश्न, 135 गुण, आणि तिथे चुकीच्या उत्तराला पूर्ण एक गुण कापला जातो. सरळ समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द विचारणारे प्रश्न यात थोडे. गाळलेल्या जागा, क्लोज टेस्ट, उतारे, चूक शोधा, वाक्प्रचार, यांत शब्द वाक्यात बसलेला असतो आणि परीक्षा त्या बसण्याची असते.

हिंदी अर्थाचा आणखी एक धोका तुझ्यासारख्या मराठी मुलालाच आहे. लिपी एक, शब्द एक, अर्थ मात्र दुसरा. ‘ऑब्जेक्शन’पुढे तू ‘आपत्ति’ लिहिलं आहेस. हिंदीत ते हरकत या अर्थाने बरोबर आहे. पण घाईत तुझ्या डोक्यात पूर आणि भूकंप उभे राहणार. ‘एंडेव्हर’पुढे ‘चेष्टा’ आहे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. यात हिंदीचा काही दोष नाही, ती भाषा तिच्या जागी समृद्ध आहे. पण मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालचा आहे. इतकी जुनी परंपरा असलेल्या भाषेतल्या मुलाने अर्थ उसना का घ्यावा? घरातला वीरकरांचा इंग्रजी-मराठी कोश पुण्याला अभ्यासासाठी घेऊन जा.

आता तुझ्या मराठीचा एक मोठा फायदा सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. ‘वन वर्ड सबस्टिट्यूशन’मध्ये पॅट्रिसाइड, मॅट्रिसाइड, फ्रॅट्रिसाइड, रेजिसाइड हे शब्द मुलं रडत पाठ करतात. लॅटिनमधला पातेर म्हणजे पितृ, मातेर म्हणजे मातृ, फ्रातेर म्हणजे भ्रातृ, आणि रेक्स हा आपल्या राजाचाच नातेवाईक. ‘साइड’ म्हणजे हत्या. पितृहत्या, मातृहत्या, भ्रातृहत्या, राजहत्या. चार शब्द संपले. डेंटिस्टमध्ये दंत आहे, पेडेस्ट्रियनमध्ये पद, मॉर्टलमध्ये मृत, नॉव्हिसमध्ये नव. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात मांडलं होतं. नॉर्मन लुइस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ 1949 पासून लोक वाचत आहेत ते याच मुळांच्या पद्धतीमुळे. त्या मुळांपैकी कितीतरी मराठी मुलाच्या तोंडात आधीच असतात. फक्त दिसण्यावरून नातं जोडत सुटू नकोस, प्रत्येक वेळी कोश बघ. इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यायचा तर ऑक्सफर्डचा लर्नर्स घे. तो ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परभाषकांसाठी रचला, म्हणून त्यातली वाक्यं साधी आणि नेमकी आहेत.

पहिल्या दिवसापासून ‘द हिंदू’चा अग्रलेख वाच, असा सल्ला अभ्यासिकेत सगळे देतात. मला तो पटत नाही. ज्या लेखात दर ओळीला तीन शब्द अडतात तो लेख वाचून होत नाही, नुसता उकरून होतो. तुला क्रिकेट कळतं, सोयाबीनचा बाजार कळतो; त्याच्या इंग्रजी बातम्या आधी वाच. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून लागतो, आणि तसा लागलेला अर्थ पक्का बसतो. दोन-तीन महिन्यांनी अग्रलेखाकडे वळ.

उजळणीचंही एक आहे. पाठांतर किती झपाट्याने विसरलं जातं, हे हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. तेव्हा एकाच रात्री पन्नास शब्द घोकण्यापेक्षा पंधरा घे आणि दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा बघ. बघताना अर्थ झाकून स्वतःला विचार. नुसतं वाचून गेलं की सगळं येतंय असं वाटतं आणि ऐन परीक्षेत हात रिकामे राहतात.

जुनी वही फेकू नकोस. एसएससी मागच्या वर्षांचे शब्द पुन्हा पुन्हा विचारते, त्यामुळे पीवायक्यूची, म्हणजे जुन्या प्रश्नांतल्या शब्दांची, यादी मोलाची आहे. तिचा तिसरा रकाना तेवढा खोडून तिथे वाक्य लिहायला लाग. दर रविवारी त्या आठवड्याची वाक्यं मला पाठवत जा, मी तपासून देईन. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या