वाळूखालचा आवाज

आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून चंबळेचे नाव दोनच कारणांनी निघत असे. एक पानिपत आणि दुसरे डाकू. पानिपताहून जीव वाचवून निघालेली माणसे ती नदी ओलांडून ग्वाल्हेरपर्यंत कशी पोहोचली, हे आजोबा सांगत. आणि माझी बदली चंबळकाठच्या एका जिल्ह्यात झाल्याचे कळताच आईने देवापुढे नारळ ठेवला, तो दुसऱ्या कारणासाठी. त्या नदीत राहणाऱ्या जीवांविषयी घरात कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही. पहिल्या सुट्टीत मी ‘घडियाल’ हा शब्द उच्चारला, तेव्हा भिंतीवरचे घड्याळ बंद पडले आहे असे मी सांगतो आहे, अशी आईची समजूत झाली.

नर वयात आला की त्याच्या लांब, निमुळत्या तोंडाच्या टोकाशी मडक्यासारखा एक फुगवटा येतो. त्या घड्यावरून हे नाव पडले. आपला ‘सुसर’ हा शब्द आहे खरा, पण तो आपण सरसकट कोणत्याही मगरीला लावतो. घडियालाच्या तोंडात शंभराहून अधिक बारीक, टोकदार दात असतात आणि ते मासे धरण्यासाठीच घडलेले आहेत. पंधरा-सोळा फुटांचा हा प्राणी पाण्यात जितका चपळ, तितकाच जमिनीवर असहाय. वाढ झाल्यावर त्याला अंग उचलून चालता येत नाही. तो पोटावर सरकतो. पाणी आटले तर मगर रानातून वाट काढत दुसरा डोह गाठते. याला ती सोय नाही. नदी आणि नदीलगतची वाळू, एवढाच त्याचा मुलूख.

पंढरपूरच्या चंद्रभागेमुळे ‘वाळवंट’ म्हणजे नदीकाठची वाळू हा अर्थ आपल्याला परका नाही. चंबळेचे तसले वाळवंट हेच घडियालाचे बाळंतघर. मार्च-एप्रिलमध्ये मादी काठावर चढते, आधी दोन-चार ठिकाणी नुसतेच उकरून पाहते आणि मग जागा मनास आली की खड्डा करून तीस ते पन्नास अंडी घालते. एकेक अंडे दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे. जागा पाण्याच्या फार जवळ असेल तर ओल लागते; फार दूर असेल तर तिला सरकत तिथवर जाता येत नाही. वाळूची ऊब किती, यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. सुमारे दोन महिने वरचे ऊन आणि खालची ऊब यांवर अंडी पोसली जातात आणि मृगाचा पाऊस नदीला येण्याआधी पिल्ले बाहेर पडतात. हा हिशेब थोडा चुकला, तर पहिल्या पुरातच सारे संपते.

महसूल खात्यातील आम्हा लोकांच्या लेखी वाळू म्हणजे गौण खनिज. अभयारण्यात तिला हात लावण्यास बंदी आहे, हे आम्हांस पाठ होते. एका एप्रिलमध्ये नदीकाठच्या गावातून एक अर्ज आला. रात्री ट्रॅक्टर घाटावर उतरतात आणि ‘घडियाल की जगह’ खणली जाते, असे त्यात लिहिले होते. मी त्यावर ‘नियमानुसार कार्यवाही करें’ असा शेरा मारून तो खाली पाठवला. मार्चअखेरचे हिशेब निस्तरायचे होते, निवडणुकीची कामे डोक्यावर होती, असे आज म्हणता येईल. खरे असे आहे की, त्या अर्जाचे पुढे काय झाले, हे मी विचारलेच नाही.

जूनच्या सुरुवातीस दुसऱ्याच कामासाठी त्या गावी मुक्काम पडला. पहाटे एक वृद्ध मल्लाह मला घाटावर घेऊन गेला. अर्ज त्यानेच लिहवून घेतला होता. पण त्याविषयी तो एक अक्षर बोलला नाही. उतारावर चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि एका चाकोरीच्या कडेला वाळूत पांढऱ्या कवचांचा चुरा मिसळलेला होता. मी तेथे उभा राहिलो. तो मात्र पुढे गेला, पन्नास पावलांवर गुडघे टेकून त्याने कान वाळूला लावला आणि मला खूण केली. मीही वाकलो. पायांखालून बारीक, तुटक आवाज येत होता. कोंबडीची पिल्ले टोपलीखाली झाकून ठेवावीत तसा.

“साहब, बच्चे माँ को बुला रहे हैं,” तो म्हणाला.

आम्ही दूर कपारीत जाऊन बसलो. अर्ध्या तासाने मादी पाण्यातून वर आली आणि पुढच्या पायांनी वाळू उकरू लागली. आत, कवचात असतानाच पिल्ले हाक घालतात आणि ती हाक ऐकून ती येते. इतर कित्येक जातींच्या मगरी पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेतात. हिच्या सुईसारख्या दातांत तसे धरणे जमत नाही. पिल्ले आपल्याच पायांनी पाण्याकडे निघाली. चाकोरीपाशी येऊन काही अडखळली आणि मग कडेने वळसा घालून गेली.

हे सारे वाचले तरी पावसाळ्यातला पूर बहुतेकांना वाहून नेतो. म्हणूनच मुरेन्याजवळ देवरी येथील केंद्रात दरवर्षी काही अंडी नेऊन पिल्ले वाढवतात आणि सुमारे चार फुटांची झाली की नदीत सोडतात. पण वाढलेला प्राणीही निर्धास्त नसतो. २००७-०८च्या हिवाळ्यात चंबळेत शंभराहून अधिक घडियाल मेले. त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आढळले. नदीत कोणते विष शिरले, याचा पक्का छडा मात्र लागला नाही. आज चंबळेत दोन हजारांहून अधिक घडियाल आहेत. जगात इतके दुसऱ्या कोणत्याही नदीत नाहीत.

गेल्या वर्षी जूनमध्ये नातीला घेऊन त्याच घाटाच्या वरच्या कड्यावर गेलो. मल्लाह केव्हाच निवर्तला. खाली उथळ पाण्यात एक मोठा नर स्थिर पडला होता. त्याच्या पाठीवर, डोक्यावर आणि सभोवार बोटभर जाडीची पिल्ले दाटली होती.

“आबा, ही सगळी त्याचीच?” नातीने विचारले.

एकाच घाटावर अनेक माद्यांची पिल्ले एकत्र येतात आणि असा एखादा नर त्यांच्यापाशी राहतो, हे मी तिला सांगितले. तिने दुर्बीण घेऊन मोजायला सुरुवात केली. मी समोरच्या काठाकडे पाहिले. तेथे वाळूतून पाण्यापर्यंत उतरलेल्या दोन समांतर रेषा नुसत्या डोळ्यांनीही दिसत होत्या.

ती चाळीसपर्यंत आली. तेवढ्यात नर किंचित हलला, पिल्ले विखुरली आणि तिने पुन्हा एकपासून मोजायला घेतले.